घाण्याची तबकडी

आमच्या पाड्यात लग्नाची हळद दुकानातून पुडीत येत नाही. पाडा बारवीच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. खाली बदलापुरात उंच इमारती उभ्या राहिल्या, हेंद्रेपाड्यातली दुकानं काचेची झाली, पण लग्नाच्या आदल्या दिवशी इथं अजून मांडवात उखळ बसवतात आणि हळकुंडं कांडतात. त्याला घाणा भरणं म्हणतात. पाच सवाष्णी लागतात. तिघी कांडतात, दोघी दम खातात, मग बदलतात. तीन मुसळं एका उखळात पडायची म्हणजे एकीचं वर असेल तेव्हा दुसरीचं अर्ध्यात आणि तिसरीचं तळाला हवं. हे सगळं गाण्यावर चालतं. गाणं चुकलं की मुसळ चुकतं, आणि मुसळ चुकलं की कोणाचा तरी हात सापडतो.

पूर्वी गाणारी म्हातारी होती. ती गेली तेव्हा तिचं गाणं पुरतं कोणालाच येत नव्हतं. मधली कडवी येत, शेवटाची येत नसत. त्या वर्षीच्या लग्नात सदूनं आपली रेकॉर्डची पेटी मांडवात आणली. त्याच्याकडे एक लहान तबकडी होती, खाडीकडच्या बायकांनी म्हटलेल्या घाण्याच्या गाण्याची. बायकांनी नाकं मुरडली, एकदा कांडून पाहिलं, आणि पुन्हा कधी नाकं मुरडली नाहीत. तेव्हापासून वरच्या साऱ्या वाड्यांत घाणा म्हटला की सदूची पेटी, असं ठरून गेलं.

सदू म्हणजे भात लावणारा, पावसाळा सरला की मिळेल त्या कामाला जाणारा माणूस. अंगानं काटकुळा, बोलणं थोडं. स्पीकर लावणं हा त्याचा धंदा कमी आणि ओळख जास्त. बाकीच्या लग्नात आता त्याचा मुलगा तुषार पेन ड्राइव्ह लावतो, मोठे डबे थरथरवतो. एकदा तुषारनं घाण्याचं गाणंही कुठून तरी मोबाईलमध्ये उतरवून आणलं होतं. बायकांनी दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाल्या, हे आमचं नाय. तुषार खूप हसला. तेच गाणं होतं, त्याच बायका, तेच शब्द. पण बायका ऐकेनात, आणि पेटी राहिली.

घाण्याच्या वेळी पुरुषांनी मांडवात थांबायचं नाही, ही रीत आहे. नवरीचा बापसुद्धा बाहेर. त्यामुळं सदू पेटी आत ठेवायचा, नवे सेल घालायचा, वायर ओढत बाहेर यायचा आणि कर्ण्याशेजारी बसायचा. आत पेटीजवळ त्याची बायको बसायची, राजाबाई. ती सुई ठेवायची, गाणं संपलं की पुन्हा ठेवायची, कांडणं संपलं की सदूला हाक मारायची. इतकी वर्षं तो बाहेर आणि ती आत. मध्ये एक वायर.

गेल्या पावसाळ्यात राजाबाई तापानं गेली. आठवडाभराचा ताप, मग एक दिवस ती उठलीच नाही. सदूनं सगळं रीतीप्रमाणं केलं. रडला नाही. लोकांनी म्हटलं, दुःख आत गेलंय, बाहेर येईल. दिवाळी आली, भात झोडून झालं, काही बाहेर आलं नाही. सून प्रगती ताट वाढायची, तो जेवायचा. मीठ कमी पडलं तरी सांगायचा नाही. तुषार काही विचारायचा, सदू त्याच्याकडे बघायचा आणि थोड्या वेळानं म्हणायचा, "काय म्हणालास?" शेताच्या बांधावर बसला तर उठवायला जावं लागे. दुःखी दिसायचा, असंही नाही. घराचं दार उघडं आहे आणि आत कोणी नाही, असा दिसायचा.

मार्गशीर्षात पहिलं लग्न निघालं. पेटीजवळ राजाबाईच्या जागी प्रगती बसली. तिनं सासूला करताना पाहिलं होतं तेवढं केलं, सुई ठेवली आणि हात मांडीवर घेतले. गाणं सुरू झालं आणि पळायलाच लागलं. बायका हसल्या, मग त्याच्यामागं धावल्या, मग धापा टाकू लागल्या. "थांबवा, थांबवा" म्हणेपर्यंत एक मुसळ घसरलं आणि लग्नाला आलेल्या कुमुदिनीच्या डाव्या हाताच्या दोन बोटांवर बसलं. लग्नाच्या हळदीत रक्त पडलं. ती हळद ओतून दिली आणि दुकानातून पुडी आणली. आमच्या पाड्यात पहिल्यांदा.

सदूनं बाहेरून सगळं ऐकलं. त्याच दिवशी सगळ्यांच्या तोंडी एकच झालं, पेटी बिघडली.

माघात कैलासच्या मुलीचं, किर्तीचं लग्न ठरलं. कुमुदिनी किर्तीची सख्खी मावशी. घाण्याचा मान पाड्यात येसूआजीचा, कुठल्या पाच जणी, कधी बसायचं, कधी थांबायचं हे तीच सांगते. ती काठी टेकत सदूच्या अंगणात आली आणि ओट्यावर न बसताच बोलली.

"सदू, पेटी नीट करून आन. नीट नाय झाली तर आननूच नको. आमी आपलं नुसतं कांडू, मुक्यानं. आणि मंग पुढं कंदीच आनू नको. वरच्या वाडीवाल्यांनीबी इचारलंय मला."

"नीट करतो," सदू म्हणाला.

"करतो म्हनतो, पन ऐकलंस का मी काय बोलले?"

"पेटी नीट करायची."

"आणि नाय झाली तर?"

"आणायची नाही."

येसूआजीनं त्याच्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं आणि ती गेली. त्या दिवसापासून सदू पेटीशी बसू लागला. बायको गेल्यापासून त्यानं आपण होऊन हातात घेतलेलं हे पहिलं काम, म्हणून प्रगतीनं त्याच्याभोवती केरसुणीसुद्धा फिरवली नाही.

आधी त्याला पट्ट्याचा संशय आला. पेटीच्या आत छोटी मोटर असते, तिच्यावरून रबराचा पट्टा जातो आणि वरची थाळी फिरवतो. पट्टा सैल झाला की थाळी अडखळते. त्यानं कुळगावातून नवा पट्टा आणून चढवला. गाणं आणखीच पळालं. मग त्याला वाटलं, सेलांचा दोष असेल. नवे सहा सेल काढून बॅटरीतले वापरलेले घातले. आता गाणं बरोबर वाटलं, पण तिसऱ्या कडव्याला आवाज जड होत होत बायकांचे पुरुष झाले. प्रगती चुलीपाशी हसली आणि लगेच गप्प झाली. सदूनं थाळीच्या खिळ्याला तेल दिलं, सुईवरचा धूळगोळा काढला. चालीचं, म्हणजे वेगाचं, बटन होतं पेटीच्या डाव्या कोपऱ्याला, ते इकडून तिकडं फिरवून पाहिलं. काहीच फरक पडेना. बटन फिरायचं, गाणं त्याच्या मनासारखं जायचं. सेल ताजे असले की धावायचं, उतरले की रेंगाळायचं.

"हे बटन पूर्वी चालायचं का?" तुषारनं विचारलं.

"चालत असणार," सदू म्हणाला.

"असणार म्हणजे? तुम्हीच लावायचात ना?"

"मी सेल घालायचो. आत तुझी आई असायची."

तुषारनं त्याला उल्हासनगरचा पत्ता दिला. कॅम्प तीनमध्ये, पडद्यांच्या आणि जीन्सच्या दुकानांमागच्या गल्लीत लच्छुभाई म्हणून एक सिंधी म्हातारा होता. जुने रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि रेकॉर्डच्या पेट्या अजून दुरुस्त करणारा. सदू पेटी पोत्यात गुंडाळून निघाला. टमटममधून कुळगाव, तिथून अंबरनाथ, शिवमंदिराच्या फाट्यावरून दुसरी रिक्षा. वालधुनीच्या पुलावर सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. सदूचे दोन्ही हात पेटीवर होते. त्याला वास आला की नाही, कोण जाणे.

लच्छुभाईचं दुकान म्हणजे एक टेबल, एक माणूस आणि त्याच्या मागं छतापर्यंत मेलेल्या यंत्रांचा ढीग. त्यानं पेटी हातात घेतली, बाळाला बघतात तशी उलटसुलट केली.

"काका, क्या तकलीफ आहे हिला?"

"पळते. कधी रांगते."

"म्हणजे मर्जीची मालकीण." लच्छुभाई हसला. सदू हसला नाही, तेव्हा त्यानं चष्मा खाली ओढला आणि कामाला लागला.

त्यानं थाळीवर एक गोल कागद ठेवला. कागदाच्या कडेनं काळ्या रेघा होत्या, दाट, एकसारख्या. टेबलावरचा नवा दिवा विझवून त्यानं भिंतीवरची जुनी चोकवाली ट्यूबलाइट लावली. ती फडफडली आणि पेटली.

"ही एकच ठेवली आहे, या कामासाठी. एलईडीमध्ये हे नाही दिसत. आता बघा. चाल बरोबर असली ना, तर कागद फिरेल पण रेघा जागेवर उभ्या दिसतील. तेज असली तर पुढं सरकतील. स्लो असली तर मागं."

थाळी फिरली. रेघा मुंग्यांच्या रांगेसारख्या पुढं पुढं धावत सुटल्या. लच्छुभाईनं बटन या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. रेघांना त्याची खबर नव्हती.

मग त्यानं पेटी पालथी घालून तळाची फळी काढली. आत धूळ होती, अक्षतांचे काळे पडलेले तांदूळ होते आणि कोळ्याचं जाळं होतं. जाळ्याच्या आत एक छोटी पट्टी, तिच्यावर तीन पायांचा एक करपलेला दाणा. लच्छुभाईनं फुंकर मारली, जाळं फाटलं. त्यानं मीटरच्या दोन तारा लावल्या, काढल्या, परत लावल्या.

"काका, हा ट्रान्झिस्टर मेला आहे. हाच मोटरला लगाम घालतो. हा मेला म्हणजे जितका सेलचा जोर, तितकी धाव. बटन नुसतं शोभेला."

"मार्गशीर्षात मेला," सदू म्हणाला.

"कौन बोला?"

"तेव्हाच पळाली ती पहिल्यांदा."

"साईं, ये जला हुआ देखो." त्यानं नखानं खरवडलं. "ह्याच्यावर धूळ, धुळीवर जाळं, जाळ्यावर परत धूळ. हा पंधरा वर्षांपूर्वी गेला असेल. वीससुद्धा. एका मार्गशीर्षात एवढी धूळ नाही बसत."

"गेल्या वैशाखापर्यंत बरोबर चालत होती. सगळा पाडा साक्षीला आहे."

"हो ही नहीं सकता."

"चालत होती," सदू म्हणाला. आवाज चढवला नाही. नुसतं परत म्हणाला.

लच्छुभाईनं मीटरच्या तारा सोडवल्या. त्यानं पेटी सुलटी केली, थाळी चालू केली आणि रेघांकडे बघत विचार करत बसला. मग त्याची नजर पेटीच्या डाव्या कोपऱ्याकडे गेली. तिथं लाकडाचं पॉलिश गेलं होतं. नुसतं गेलं नव्हतं, तिथं एक उथळ खळगा पडला होता, गुळगुळीत, मनगट ठेवावं इतका. लच्छुभाईनं आपलं मनगट त्यात ठेवलं. मग तर्जनी पुढं करून फिरत्या थाळीच्या कडेला हलकेच टेकवली.

धावणाऱ्या रेघा मंदावल्या. त्यानं जरा दाबलं, रेघा थांबल्या. अजून दाबलं, मागं सरकू लागल्या. सोडलं, परत धावल्या.

"इथं कोण बसायचं, काका?"

"घरवाली."

"तर तिलाच बसवा ना! फुकटात चालेल. मी कशाला पैसे घेऊ?" तो मोठ्यानं हसला.

"ती नाही आता."

ट्यूबलाइटचा चोक गुणगुणत होता. लच्छुभाईनं थाळीवरचं बोट काढलं आणि कुठं ठेवावं हे न सुचून शर्टाला पुसलं. मग त्यानं पलीकडच्या टपरीवाल्याला दोन बोटं दाखवली. चहा आला. सदूनं तो प्यायला. लच्छुभाईनं जुन्या डब्यातून एक दाणा शोधला, करपलेला काढून तिथं तो बसवला, बटनाच्या पोटात औषध सोडून ते कितीदा तरी फिरवलं. पुन्हा कागद ठेवला. या वेळी बटन फिरेल तशा रेघा पुढं-मागं झाल्या आणि एका जागी येऊन उभ्या राहिल्या. थाळी गरगरत होती आणि रेघा भिंतीवर काढल्यासारख्या उभ्या होत्या. सदू त्यांच्याकडे बघत राहिला. लच्छुभाईनं दोनदा "झालं" म्हटलं, तेव्हा त्यानं पोतं उचललं.

घरी येताना त्यानं काय विचार केला असेल, हे सांगता येत नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, "काही नाही. पेटी मांडीवर होती."

तिन्हीसांजेला त्यानं अंगणात तबकडी लावली. लच्छुभाईनं बटनावर जिथं खूण केली होती तिथंच ते ठेवलं. गाणं सुरू झालं, स्वच्छ, सरळ, कुठं हेलकावा नाही. प्रगती पिठाचे हात घेऊन बाहेर आली.

"बाबा, असं नाही हो ते गाणं."

"कागदाप्रमाणं बरोबर आहे."

"असेल. पण ह्या बायकांना घाई आहे. आपल्या गाण्यातल्या बायकांना घाई नसायची."

सदू पेटी उचलून येसूआजीकडे गेला. तिथं कुमुदिनी बसली होती, किर्तीच्या लग्नासाठी आठ दिवस आधीच आलेली. तिच्या दोन बोटांपैकी एक वाकडं जुळलं होतं. पेटी बघताच तिनं तो हात पदराखाली घेतला.

"आणली का सवत माझी!" ती म्हणाली.

येसूआजीनं रिकामं उखळ पुढं ओढलं, मुसळ घेतलं आणि म्हणाली, लाव. गाणं लागलं. म्हातारीनं चार घाव घातले आणि थांबली.

"जलद हाय."

सदूनं बटन थोडं मागं घेतलं. आता बरं चाललं. पण गाणं पुढं सरकलं तशी ती पुन्हा थांबली.

"आता सुस्त हाय."

"आजी, तेवढंच आहे. मी हात लावला नाही."

"तेच तर. लावायला पायजे व्हता." आजीनं मुसळ टेकवलं. "अरे, हळकुंड आक्खं असतं तवा मुसळ वरपर्यंत जातं. सावकाश जातं. हळकुंड फुटलं की घाव बुटका व्हतो, भरभर व्हतो. मंग बायका दमतात, मंग परत सावकाश. गाणं आमच्या हाताबरोबर चालायचं. आमाला वाटायचं, तबकडीच तशी भरलीय."

"राजाबाई बोट लावायची थाळीला," सदू म्हणाला. "बटन कधीचं मेलं होतं."

कुमुदिनी आणि येसूआजीनं एकमेकींकडे पाहिलं.

"आमी इचारलं व्हतं तिला," आजी म्हणाली, "हात कशाला ठिवतेस गं तिथं? तर म्हनली, सुई उडते."

"मला पण तेच सांगितलं होतं," कुमुदिनी म्हणाली. "आणि डोळे कायम आमच्या हातांवर. मी म्हणायचे, राजाकाकू, एवढं काय बघतेस, बांगड्या चोरायच्या आहेत का?"

दोघी वाट बघत राहिल्या, की आता तरी सदू राजाबाईबद्दल काही बोलेल. त्यानं सुई उचलून बाजूला ठेवली आणि विचारलं, "मग आता आत कोण बसणार?"

हा प्रश्न खरा होता. प्रगतीनं कानाला हात लावले. ती म्हणाली, एकीची बोटं गेली माझ्या हातून, दुसरीची नकोत. कुमुदिनीला मान कांडण्याचा, नवरीची मावशी कांडत नाही असं चालत नाही. वाकडं बोट असो की सरळ. बाकीच्या बायकांना पेटीची भीती बसली होती. कैलास म्हणाला, राहू दे ती पेटी, मुक्यानंच कांडा. तेव्हा येसूआजीनं काठी आपटली.

"सदू बसंल आत."

"आजी, पुरुष माणूस मांडवात? घाण्याला?" कैलासनं विचारलं.

"हा कसला पुरुष?" आजी म्हणाली. "पावसाळ्यापासून ह्याला कुणी पुरुष म्हनून बघितलंय का बाई म्हनून? खांब हाय हा. मांडवात खांब चालतो."

सगळे हसले. कैलासही हसला, आणि हसला तिथंच त्याचा विरोध संपला. सदूनं नवे सेल घातले.

घाण्याच्या दिवशी मांडवात आंब्याचे डहाळे बांधले होते. उखळाला हळद-कुंकू लावून झालं. पाच जणी पदर खोचून उभ्या राहिल्या, किर्ती पाटावर बसली. कर्ण्याजवळ आज तुषार होता. सदू पेटीपाशी गेला आणि बायकांकडे पाठ करून बसला. उजवा हात बटनावर ठेवला. बायकांकडे बघत बसणं त्याला बरं वाटेना, ते तो बोलला नाही, पण दिसत होतं.

गाणं सुरू झालं. पहिले घाव बरे पडले. मग हळकुंडं फुटू लागली, घाव भरभर झाले, आणि सदूला ते कळलं तोवर उशीर झाला होता. त्यानं बटन एकदम पुढं केलं. गाणं उडी मारून पळालं. खाडकन दोन मुसळं एकमेकांवर आदळली. कोणी तरी किंचाळलं.

गाणं चालू होतं. कुमुदिनीचं मुसळ हवेत थांबलं होतं. तिचा हात उखळाच्या काठापासून चार बोटं दूर होता, वाकड्या बोटासकट. लागलं नव्हतं.

"बंद करा," कैलास बाहेरून ओरडला. "काय झालं? बंद करा ती पेटी!"

सदूनं सुई उचलली. तो उठायला लागला. पेटीच्या कड्या लावण्यासाठी त्याचे हात झाकणाकडे गेले.

"कुटं निघालास?" येसूआजी म्हणाली.

"नाही जमत."

"पाठ करून बसलास तर कसं जमंल? ती काय भिंतीकडं बघून बसायची व्हय? इकडं तोंड कर. तिकडून नाय, ह्या बाजूनं बस."

सदू फिरला. पेटीच्या दुसऱ्या अंगाला बसला, तोंड उखळाकडे. तसं बसल्यावर उजवा हात बटनापर्यंत पोचेना. डावा पोचला. मनगट लाकडातल्या खळग्यात आपोआप बसलं.

"काका," कुमुदिनी म्हणाली. तिनं मुसळ पुन्हा दोन्ही हातांनी धरलं होतं. "माझ्या तोंडाकडे नका बघू, मला हसू येतं. हाताकडे बघा."

"हो."

"आणि माझी नऊच राहिलीत बरी. सांभाळून."

या वेळी बायका हसल्या आणि हसता हसताच मुसळं उचलली गेली. सदूनं सुई ठेवली. त्यानं तबकडीकडे पाहिलं नाही. तीन मुसळं वर जात होती, खाली येत होती, मनगटं वळत होती, बांगड्या एका बाजूला सरकत होत्या. घाव बुटके झाले तसं त्यानं बटन केसभर पुढं केलं. एक जण धापा टाकायला लागली, त्यानं मागं घेतलं. कधी त्याला उशीर व्हायचा, तेव्हा बायका त्याच्यासाठी अर्धा घाव थांबायच्या. कधी त्या घाई करायच्या, तेव्हा तो त्यांच्यामागं जायचा. राजाबाईसारखं नव्हतं ते. तरी मुसळावर मुसळ पडलं नाही. गाणं संपलं, त्यानं पुन्हा लावलं. तेही संपलं, पुन्हा लावलं.

येसूआजीनं उखळात हात घालून चिमूट काढली, अंगठ्यानं चोळली आणि म्हणाली, "झाली."

बायका ताट भरून किर्तीकडे वळल्या. बाहेर तुषारनं लगेच पेन ड्राइव्ह लावला, पोरं नाचायला धावली. सदू होता तिथंच बसून राहिला. तबकडी संपली होती, सुई शेवटच्या वळणात टक टक करत होती, ते त्याच्या ध्यानात आलं नाही. कुमुदिनी पदरानं घाम पुशीत आली, तिनंच सुई उचलली.

"फाल्गुनात माझ्या पुतण्याचं लग्न आहे, वांगणीला. याल ना?"

"पेटी आणतो."

"पेटी नाही विचारत. आत बसाल का?"

सदूनं डावा हात कोपऱ्यावरून काढला आणि मांडीवर ठेवला. राजाबाई डावखुरी नव्हती. चूल, विळा, सुई, सगळं उजव्या हातानं. एवढी वर्षं हे एकच काम ती डाव्या हातानं करत होती, आणि तो त्या वेळी वायरच्या दुसऱ्या टोकाला बसून कर्ण्यातून येणारं गाणं ऐकत होता.

"बसेन," तो म्हणाला.

उखळ उचलायला बायका आल्या. त्यांना वाट द्यायला तो पेटी घेऊन जरा बाजूला सरकला.